सापासारखा रोबो: कुठे शिरेल, कुठे अडेल

गेल्या अंकात सर्पाकृती रोबोंवर पानभर टिपण होते. एकामागे एक जोडलेले दहा-पंधरा सांधे, प्रत्येक सांध्यात एक मोटर, तोंडाशी कॅमेरा, आणि माणूस किंवा चाकाची गाडी पोचत नाही अशा फटीत शिरण्याची सोय, इतकेच त्यात सांगितले होते. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे इथे घेतली आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न (एक शिक्षक, बार्शी): सापाला पाय नाहीत, मग तो पुढे जातो कशाच्या जोरावर? सातवीच्या वर्गात मी जमिनीवर दोरी नागमोडी हलवून दाखवली, पण ती जागच्या जागीच हलत राहिली. मुलांनी विचारले, "सर, मग साप का नाही राहत तिथेच?"

मुलांचा प्रश्न अगदी नेमका आहे. दोरीला सगळ्या दिशांनी सारखेच घर्षण लागते, सापाला तसे लागत नाही. त्याच्या पोटावरचे रुंद खवले घराच्या कौलांसारखे एकावर एक, मागे तोंड करून बसलेले असतात. पुढे सरकताना ते सहज घसरतात, मागे किंवा आडवे ओढले की जमिनीच्या खरखरीत अडकतात. अंगाची लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते, प्रत्येक वळण जमिनीला तिरके रेटते, आणि आडवे घसरणे अवघड असल्यामुळे त्या रेट्याचा उरलेला भाग सापाला पुढे नेतो. वाटेत दगड, गवताचे बुडखे असले तर त्यांनाही अंग टेकवून तो ढकलून घेतो.

वर्गात दाखवायचे असेल तर दोरीऐवजी खेळण्यातल्या पाच-सहा छोट्या मोटारी घ्या आणि एकामागे एक सैलसर जोडा. मोटार पुढे ढकलली की पळते, आडवी ढकलली की अडते. हीच माळ दोन्ही बाजूंनी आलटून पालटून दाबली की पुढे सरकू लागते. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे शिगेओ हिरोसे यांनी १९७२ मध्ये पहिला सर्परोबो चालवला तो याच तत्त्वावर. वीस सांधे, सुमारे दोन मीटर लांबी, खाली मोटर नसलेली मोकळी चाके, आणि सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेग. ती चाके रोबोला ढकलत नव्हती. त्यांचे काम फक्त आडवे घसरणे रोखण्याचे, म्हणजे खवल्यांचे.

सगळे साप एकाच चालीने चालत नाहीत हेही मुलांना सांगा, कारण रोबो बनवणाऱ्यांना या सगळ्या चाली लागतात. जेम्स ग्रे या इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये त्यांचे यांत्रिक विश्लेषण मांडले. आपल्या बांधावर सळसळत जाणारी धामण नागमोडी चालते. जाडजूड घोणस निवांत असली की जवळजवळ सरळ रेषेत सरकते, पोटाचे खवले थोडे थोडे उचलत आणि टेकवत. उंदराच्या बिळात किंवा पाइपात साप अंगाच्या घड्या घालून भिंतींना आवळून धरतो, पुढचा भाग लांबवतो, मग मागचा ओढून घेतो. आणि माळरानावरचे फुरसे तिरके जाते, अंगाचे एक-दोन भागच जमिनीला टेकवून बाकीचे उचलून पुढे टाकते. मऊ वाळूवर हीच चाल कामी येते. अमेरिकेतल्या अशाच एका तिरक्या चालणाऱ्या सापाचा अभ्यास २०१४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. वाळूचा चढ वाढला की साप अंगाचा जास्त भाग टेकवतो, हे त्यातून कळले. चढावर घसरणाऱ्या रोबोला तेच शिकवल्यावर तो चढू लागला.

प्रश्न (अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी, जुळे सोलापूर): आम्ही दहा सांध्यांचा रोबो केला आहे. एमजी-९९६ आर जातीच्या दहा सर्व्हो मोटरी (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या), अर्डुइनो नॅनो हा मोटरींना हुकूम देणारा छोटा बोर्ड, दोन सेलची ७.४ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी आणि एलएम-२५९६ चा व्होल्टेज कमी करणारा बोर्ड. फरशीवर ठेवला की नुसता वळवळतो, पुढे जात नाही. मिनिट-दोन मिनिटांत अर्डुइनो आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो. डोके उचलायला लावले तेव्हा तिसरी मोटर जळाली. प्रदर्शनाला तीन आठवडे आहेत.

तुमच्याकडे एकाच वेळी चार वेगळे बिघाड आहेत. ते एकत्र शोधत बसलात तर तीन आठवडे पुरणार नाहीत. आधी वीज, मग जुळणी, मग चाके, शेवटी प्रोग्राम, याच क्रमाने चला.

वीज. एलएम-२५९६ च्या चिपची क्षमताच ३ अँपिअरची, आणि तीही गार हवेत. तुमची एक मोटर चालताना अर्धा ते ०.९ अँपिअर घेते आणि अडली की अडीचच्या आसपास जाते. दहा मोटरी हलत असताना ५ ते ९ अँपिअर लागतात. बोर्ड दमला की व्होल्टेज कोसळते आणि अर्डुइनो पुन्हा सुरू होतो. किमान १५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा बोर्ड, घ्या, तो ६ व्होल्टवर लावा, आणि अर्डुइनोला वेगळ्या छोट्या रेग्युलेटरवरून ५ व्होल्ट द्या. दोन्हींची ऋण तार मात्र एकत्र जोडलेली हवी. ती राहून गेली की मोटरी अंगात आल्यासारख्या थरथरतात. मोटरींच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर डोक्याकडे आणि एक शेपटीकडे लावा.

तारेकडे कोणी बघत नाही, आणि निम्मे रोबो तिथेच मरतात. ब्रेडबोर्डच्या जम्पर वायरींनी दहा मोटरी एकीपुढे एक जोडल्या असतील, तर बॅटरीपासून लांब असलेल्या टोकाला पोचेपर्यंत एक-दीड व्होल्ट वाटेतच जातो, आणि तिथली मोटर ६ ऐवजी साडेचारवर रडत चालते. मधोमध एक स्क्वेअर एमएमची बहुतारी वायर पाठीच्या कण्यासारखी शेपटीपासून डोक्यापर्यंत न्या आणि प्रत्येक मोटर त्या कण्याला स्वतंत्र सोल्डर करा. प्रत्येक सांध्यापाशी तारेला छोटा ढिला वेटोळा ठेवा. तार ताठ राहिली तर दोनशे-तीनशे वळणांनंतर ती सोल्डरच्या कडेलाच तुटते, आणि आवरण शाबूत असल्यामुळे तुटलेली दिसतही नाही.

जुळणी. मोटरीच्या दांड्यावर २५ दाते आहेत, म्हणजे एक दाता चुकला की सांधा १४.४ अंशांनी वाकडा बसतो. आधी सगळ्या मोटरींना १५०० मायक्रोसेकंदाचा सिग्नल देऊन मध्यावर आणा, तशाच वीज चालू असताना पट्ट्या बसवा, मगच स्क्रू आवळा. तरी चार-पाच अंशांचा फरक उरतो. तो प्रत्येक मोटरीसाठी वेगळा आकडा ठेवून प्रोग्राममध्ये काढा. सांधा ४५ अंशांपेक्षा जास्त वळू देऊ नका. ब्रॅकेट ब्रॅकेटला भिडला की मोटर अडते, आणि अडलेली मोटर मिनिटाभरात तापून जाते.

तिसऱ्या मोटरीचा हिशोब असा. एका सांध्याचे वजन १०० ग्रॅम आणि लांबी ६.५ सेंटिमीटर धरली, तर पुढचे सांधे सरळ हवेत उचलून धरायला लागणारा पीळ (टॉर्क) सांध्यांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो. दोन सांधे उचलायला १.३ किलो-सेंटिमीटर, तिनांना २.९, चारांना ५.२, पाचांना ८.१. मोटरीच्या पाकिटावर ६ व्होल्टला ११ लिहिलेले असते, पण तो अडण्याच्या क्षणाचा आकडा आहे. रोज वापरायचा आकडा त्याच्या निम्म्याहून कमी धरावा, आणि स्वस्तातल्या नकली मोटरीचा त्याहूनही कमी. तुमच्या डोक्यावर कॅमेरा आणि दिवाही असणार, म्हणजे तीन सांध्यांच्या वर उचलू नका. जास्त उंच डोके हवे असेल तर पुढच्या सांध्यांत हलक्या मोटरी घाला. मागे ताकदवान मोटर लावून भागत नाही, कारण तिचे वजन तिच्या मागचीला उचलावे लागते.

चाके. प्रत्येक सांध्याखाली २५ ते ३० मिलिमीटरची दोन चाके, ३ मिलिमीटरचा दांडा, ६२३ नंबरचे बेअरिंग आणि चाकाच्या कडेवर रबरी ओ-रिंग. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळणात एक चाक घासत जाते. दोन्ही मोकळीच हवीत. तपासायची सोपी रीत: रोबो बंद करून एक सांधा बोटाने पुढे ढकला, नंतर आडवा ढकला. पुढे फुंकरीसरशी जायला हवा, आडवा ढकलताना बोटाला जोर लागायला हवा. दोन्हीकडे सारखाच वाटला तर प्रोग्राम कितीही बदला, रोबो वळवळतच राहील. शहाबादी फरशीवर ओ-रिंग छान धरते, पॉलिश केलेल्या टाइलवर घसरते. प्रदर्शनात टेबलावर चादर अंथरण्याचा मोह टाळा. चादर चारी बाजूंनी ताणून बांधलेली नसेल तर रोबो पुढे जाण्याऐवजी चादरच गोळा करतो. पातळ रबरी मॅट अंथरा.

प्रोग्राम. प्रत्येक सांध्याचा कोन असा काढा: ९० + ३० × साइन(वेग × वेळ − क्रमांक × ३६ अंश). डोक्याकडचा पहिला सांधा क्रमांक ०, शेवटचा ९. दहा सांध्यांत एक पूर्ण लाट बसते म्हणून ३६. सुरुवातीच्या क्षणी मोटरींना ९०, ७२, ६१, ६१, ७२, ९०, १०८, ११९, ११९, १०८ असे आकडे जातात का, ते संगणकाच्या पडद्यावर, सिरीअल मॉनिटरच्या खिडकीत, छापून बघा. मधले चिन्ह वजाच हवे. अधिक झाले की लाट शेपटीकडून डोक्याकडे येते आणि रोबो उलटा जातो. पुष्कळ जणांचा रोबो चालत असतो, फक्त मागे चालतो, आणि मागे भिंत असल्यामुळे तो अडला असे वाटते. लाटेचा वेग दोन सेकंदांत एक फेरा इथून सुरू करा. वळवायचे असेल तर ९० च्या जागी सगळ्या सांध्यांना ९६ द्या. तो मोठ्या वर्तुळात वळेल.

२२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर वीस-पंचवीस मिनिटे मिळतील. प्रत्येक सेल ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. आणि एप्रिल-मे महिन्यात थ्री-डी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेले ब्रॅकेट बंद गाडीत ठेवू नका. ते प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि सोलापूरच्या उन्हात काचा लावलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डला तेवढे तापायला वेळ लागत नाही. पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारे प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम वापरा. सुटे भाग गावात मिळाले नाहीत तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एका खेपेत मिळतील. दोन मोटरी जास्तीच्या आणा.

प्रश्न (एक शेतकरी, मंगळवेढा तालुका): साडेसहा इंची बोअरमध्ये पावणेतीनशे फुटांवर मोटर अडकली आहे. चेनकप्पी लावून ओढली, हलेना. असा साप आत सोडून मोटर सोडवता येईल का? दुसरे, बोअरमध्ये लेकरू पडल्याच्या बातम्या येतात, तिथे हा साप का वापरत नाहीत?

मोटर सोडवणे या रोबोच्या ताकदीबाहेरचे आहे. बोअर सरळ उभा असतो, त्यात वळणे घेणाऱ्या यंत्राचा फायदाच नाही. उलट लटकून राहायला त्याला भिंती आवळाव्या लागतात. भिंत ओली आणि शेवाळलेली असेल तर स्वतःचे एक किलो वजन पेलायला भिंतीवर पाच किलोचा दाब द्यावा लागतो. मोटर, केबल आणि पाइप धरून वजन शेकड्यात जाते. दीड इंची पाइप तीनशे फूट पाण्याने भरलेला असला तर एकट्या पाण्याचेच वजन शंभर किलोच्या आसपास होते.

आणखी ओढू नका. आंधळेपणाने ओढल्यावर पाइप किंवा दोर तुटतो आणि मग मोटर कायमची गेली. आधी बोअरचा कॅमेरा उतरवून घ्या. त्याआधी एक-दोन दिवस बोअरला हात लावू नका, गढूळ पाणी निवळले तरच काही दिसते. कॅमेऱ्यात तीन गोष्टी बघायच्या: मोटरीच्या कडेला खडा पाचरीसारखा बसला आहे का, केसिंग पाइप (बोअरच्या भिंतीला आतून आधार देणारा पाइप) आत दबला आहे का, का केबल सुटून मोटर आणि भिंतीच्या मध्ये गोळा झाली आहे. खडा असेल तर मोटर आधी थोडी खाली सोडायची, मग सावकाश वर घ्यायची. वर-खाली असे पुष्कळदा करावे लागते. केबल गोळा झाली असेल तर मोटर ओढण्याआधी केबल गळाने वर काढावी लागते. केसिंग दबला असेल तर काम बोअर दुरुस्त करणाऱ्यांचेच.

लेकराबद्दल. साडेसहा इंची भोकात मूल अडकले की त्याच्या अंगाशेजारून जायला जागाच उरत नाही. वरून कॅमेरा, हवेची नळी आणि आईचा आवाज पोचवता येतो, आणि तेवढे काम केबलला बांधलेला साधा कॅमेराही करतो. सुटका बहुतेक वेळा शेजारी दुसरा खड्डा खणूनच होते. २००६ मध्ये हरियाणात कुरुक्षेत्राजवळ पाच वर्षांच्या मुलाला सुमारे साठ फुटांवरून असेच बाहेर काढले. यंत्रापेक्षा झाकण महत्त्वाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे: चालू बोअरच्या केसिंगभोवती अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद काँक्रीटचा ओटा, ३० सेंटिमीटर जमिनीवर आणि ३० सेंटिमीटर जमिनीखाली, तोंडाला वेल्डिंगचे किंवा नट-बोल्टचे लोखंडी झाकण, सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरलेला. पोते आणि वर दगड हे झाकण नव्हे. मोटर काढल्याच्या दिवशीच, कप्पी परत नेण्याआधी, झाकण बसवा.

प्रश्न (आपत्ती मदतीचे काम करणारा एक गट, सोलापूर): इमारत कोसळल्यावर ढिगाऱ्यात असा रोबो किती उपयोगी पडतो? किल्लारीसारखा प्रसंग पुन्हा आला तर?

या रोबोंवर सर्वांत जास्त मेहनत याच कामासाठी झाली आहे, आणि मर्यादाही इथेच सर्वांत स्पष्ट दिसल्या आहेत. १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या हॉवी चोसेट यांच्या गटाने आपला सर्परोबो मेक्सिको सिटीतल्या कोसळलेल्या इमारतीत उतरवला. आतली चित्रे मिळाली, जिवंत माणूस सापडला नाही. जपानच्या तोहोकू विद्यापीठाचे सातोशी ताडोकोरो यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांनी सांधेच टाळले. लांब केबलच्या अंगावर तिरके केस लावले, आत छोट्या कंप देणाऱ्या मोटरी ठेवल्या. केस थरथरले की केबल सुरवंटासारखी पुढे सरकते. २००८ च्या जानेवारीत फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला कोसळलेल्या पार्किंग इमारतीत ती वापरली गेली.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पडलेली घरे बहुतेक दगड-मातीची होती, जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. अशी भिंत पडते तेव्हा दगड सुटे होतात आणि माती सगळ्या फटी भरून टाकते. आत पोकळ्या जवळजवळ उरत नाहीत, साप शिरायला वाटच राहत नाही. तिथे अनेक हात, घमेली आणि पहिले काही तास हेच खरे. काँक्रीटची इमारत वेगळ्या तऱ्हेने पडते. स्लॅब एका बाजूने टेकून राहतो, कोपऱ्यात तिकोनी पोकळी उरते, आणि तिच्याकडे जाणारी वाट हातभर फटीतून दोन-तीन वळणे घेत जाते. रोबोचे खरे काम त्या वाटेवर आहे. आज सोलापुरात जुन्या वाड्यांशेजारी चार-पाच मजली इमारती उभ्या आहेत. म्हणून आपल्या गटाने पोचल्यावर सर्वांत आधी पडलेले बांधकाम कोणत्या जातीचे आहे ते ठरवावे.

वाट सरळ असेल तर सर्परोबोची गरज नाही. उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ ला ४१ कामगार अडकले. सहा इंची पाइप आरपार गेल्यावर त्यातून साधा लवचिक एंडोस्कोप कॅमेरा सरकवून त्यांचे चेहरे पहिल्यांदा दिसले, आणि २८ तारखेला सगळे बाहेर आले. म्हणून आपल्या गटाने आधी घ्यावा तो फायबरग्लासच्या दांडीवरचा, दहा-पंधरा मीटरचा, दिवा आणि मायक्रोफोन असलेला कॅमेरा. मायक्रोफोन नसलेला घेऊ नका, धुळीत डोळ्यांपेक्षा कानच जास्त कामाला येतात. दर अर्ध्या मीटरवर केबलला रंगीत टेप गुंडाळा, म्हणजे आत किती गेला ते कळते. भोकात शिरण्याआधी सगळी यंत्रे बंद करून दोन मिनिटे पूर्ण शांतता ठेवा, तीन ठोके द्या, ऐका.

सर्परोबो उतरवणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण दिशा हरवण्याची असते. रोबो लोळून कुशीवर वळला की कॅमेऱ्याचे चित्रही फिरते आणि छत कुठले, जमीन कुठली ते कळत नाही. डोक्यात गुरुत्वाची दिशा मोजणारा सेन्सर बसवून चित्र कायम सरळ ठेवावे लागते. दुसरे, काँक्रीट आणि सळ्यांतून वायरलेस सिग्नल दोन-चार मीटरमध्येच मरतो. म्हणून केबल हवीच. केबलसोबत वेगळी, वजन पेलणारी दोरी असू द्या. विजेच्या तारेला धरून रोबो ओढला की जोड आतून सुटतात.

प्रश्न (एक रहिवासी, शहरातली एक जुनी पेठ): आमच्याकडे ड्रेनेज तुंबले की अजूनही चेंबरमध्ये माणूस उतरवायचा प्रयत्न होतो. त्याच्या जागी रोबो उतरवता येणार नाही का?

माणूस उतरवणे थांबलेच पाहिजे, आणि त्यासाठी रोबोची वाट बघायची गरज नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. चेंबरमध्ये साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येणे बंद होते. "आता वास नाही, उतर" हे वाक्य म्हणून जीवघेणे आहे.

तुंबलेली वाहिनी मोकळी करणे ही तीन वेगळी कामे आहेत: बघणे, फोडणे, उचलणे. फोडायला जोरदार पाण्याचे जेटिंग यंत्र, उचलायला सक्शनची गाडी. चेंबरच्या तळातला गाळ काढायला केरळात तयार झालेला 'बँडिकूट' रोबो २०१८ पासून वापरात आहे. तो कोळ्यासारखे पाय पसरून उतरतो, सापासारखा नाही. सरळ मोठ्या वाहिनीत बघायला चाकांची कॅमेरागाडी पुरते. सर्परोबोचा हक्काचा भाग उरतो तो घरापासून चेंबरपर्यंतच्या चार-सहा इंची, वळणावळणाच्या जोडण्यांचा, जिथे गाडी वळत नाही आणि दांडीचा कॅमेरा दुसऱ्या वळणाला अडतो.

तिथेही त्याला हरवते ती त्याची स्वतःची केबल. विहिरीवर जड ओझे उतरवताना दोर खांबाला दोन वेढे देतात आणि एकटा माणूस ते पेलतो. पाइपाच्या वळणाला केबलचे तेच होते. घर्षणांक (घर्षण किती ते सांगणारा आकडा) ०.४ धरला तर प्रत्येक काटकोनी वळणाला ओढ जवळजवळ १.९ पट होते. दोन वळणांनंतर साडेतीन पट, तीन वळणांनंतर साडेसहा, चार वळणांनंतर बारा. मागे अर्धा किलोची ओढ असलेली केबल चौथ्या वळणानंतर सहा किलोने मागे खेचते, आणि दीड-दोन किलोचा रोबो नुसत्या वजनाच्या घर्षणावर एक किलोच्या वर ओढू शकत नाही. म्हणून पाइपातल्या रोबोला घड्या घालून भिंती आवळत जावे लागते, केबल बारीक आणि गुळगुळीत आवरणाची लागते, आणि केबलचे रीळ रोबोच्या शेपटीत ठेवून मागे सोडत गेले तर निम्मा त्रास वाचतो.

विद्यार्थ्यांनी केलेला रोबो कृपा करून गटारात सोडू नका. साध्या सर्व्हो मोटरीत ब्रशच्या, म्हणजे आतल्या घासणाऱ्या विजेच्या संपर्कांच्या, ठिणग्या पडतात, आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर तेवढी ठिणगी स्फोटाला पुरते. तिथे स्फोटरोधक बनावटीचीच यंत्रे लागतात, सांध्यांवर भात्यासारखी रबरी बाही लागते, आणि काचेवरचा मैला धुवायला डोक्यातच पाण्याची बारीक तोटी लागते. ती नसली तर पहिल्याच मीटरला पडदा काळा होतो.

प्रश्न (टॉवेल कारखान्याचे एक चालक, अक्कलकोट रोड एमआयडीसी): मागांखालचा आणि हवेच्या डक्टमधला कापसाचा फुफाटा काढायला सापासारखा रोबो ठेवावा का?

नको. कापसाचे तंतू चाकांच्या दांड्यांवर आणि मोटरींच्या पट्ट्यांवर गुंडाळले जातात, आणि दोन-तीन तासांत सांधे जाम होतात. साचलेला फुफाटा आणि ब्रशची ठिणगी ही आगीची जोडी आहे. डक्टला दर काही मीटरवर उघडता येणारी झडप बसवा, सक्शन लावा, आणि आत काय साचले ते बघायला मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप ठेवा. बघण्याआधी पंखा बंद करून त्याच्या स्विचला कुलूप लावा.

प्रश्न (नववीतली विद्यार्थिनी, पंढरपूर): साप पोहतो, मग रोबोसाप पोहतो का? आणि तो दुसऱ्या ग्रहावर जाणार असे वाचले, ते खरे आहे का?

पोहतो. हिरोसे यांच्याच प्रयोगशाळेतला एसीएम-आर५ जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालतो. त्याच्या अंगावर सगळीकडून कल्ले आणि छोटी चाके आहेत. नॉर्वेतल्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातून २०१५ मध्ये निघालेल्या ईल्युम कंपनीचा साप समुद्रतळावरच्या तेलाच्या पाइपांची आणि व्हॉल्व्हची तपासणी करण्यासाठी बनवला आहे. तो वळवळण्यापेक्षा अंगावरच्या छोट्या पंख्यांनी जास्त हलतो, आणि अंग वाकवून पाइपांच्या गुंत्यात शिरतो. उजनीसारख्या हिरव्या, गढूळ पाण्यात मात्र त्याचा कॅमेरा हातभरही बघू शकणार नाही. तिथे आवाजाच्या लाटांनी बघणारे सोनार लागेल.

दुसऱ्या ग्रहावर नाही, शनीच्या एन्सेलेडस या उपग्रहावर. त्याच्या बर्फाला भेगा आहेत आणि त्यांतून पाण्याची वाफ बाहेर उडते. त्या भेगांत उतरण्याच्या विचाराने नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने ईल्स नावाचा साप केला. साधारण चार मीटर लांब, शंभर किलो वजनाचा, दहा एकसारख्या तुकड्यांचा. प्रत्येक तुकड्याभोवती स्क्रूसारखे आटे आहेत, ते फिरले की बर्फात रुततात आणि अंग पुढे जाते. त्याची चाचणी कॅनडातल्या अथाबास्का हिमनदीवर झाली आहे. एन्सेलेडसला जाण्याची मोहीम अजून ठरलेली नाही. एन्सेलेडसवरून पृथ्वीपर्यंत रेडिओ संदेश यायला एक तासाहून जास्त वेळ लागतो, म्हणून भेगेत पाय घसरल्यासारखे झाले तर पृथ्वीवरून कोणी सांगेपर्यंत थांबता येणार नाही. कुठे आवळायचे आणि कुठे सोडायचे ते त्या सापालाच ठरवावे लागेल.